खातीपुऱ्याकडून मोजलेली झाडं

वर्तमानपत्रात छापून येणारा सरांचा फोटो त्यांच्या तिशीतला होता. दाट केस, ताठ मान, चष्मा नाही. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा केस गेलेले होते आणि चष्मा दोरीने गळ्यात लटकत असायचा. पण जयपूरच्या त्या हिंदी दैनिकाकडे एवढा एकच फोटो होता. शहरात कुठे झाड कोसळलं, कुठल्या बागेतली हिरवळ पिवळी पडली, कुठे आंब्याला अवेळी मोहोर आला, की बातमीच्या शेजारी एक चौकट यायची. वर हिंदीत 'एक्सपर्ट व्यू', मध्ये तो देखणा तरुण आणि खाली साठ शब्द.

साठ म्हणजे साठ. एकसष्टावा शब्द त्या चौकटीत मावत नाही. विद्यापीठातला माणूस चाळीस वर्षं अभ्यास करतो आणि लोकांपर्यंत पोचायला त्याला मिळतात साठ शब्द, तेही संध्याकाळी पाचला फोन करून सहापर्यंत मागितलेले. मला याचा तेव्हाही राग होता आणि आजही आहे. पण हे लिखाण रागाचं नाही. निदान वर्तमानपत्रावरच्या रागाचं नाही.

सर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. झाडांचे आजार, त्यातही लाकडाच्या आत शिरून ते पोखरणारी बुरशी, हा त्यांचा विषय. मूळचे सांगलीकडचे, नोकरीसाठी जयपूरला आले आणि इथेच राहिले. माझे बाबा बँकेत. नागपूरहून बदली होऊन आले तेव्हा मी सातवीत होते. आमची दोन्ही घरं खातीपुऱ्यात, मध्ये दोन गल्ल्या. तरी ओळख शेजारामुळे झाली नाही. ती झाली माझ्या एका पत्रकामुळे.

मी बावीस वर्षांची, एम.ए. करत होते आणि आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहीत होते. पत्रक लिहायला मला कुणी शिकवलं असेल तर ते विद्यापीठाच्या फाटकाने. तिथे माणूस चालत असतो. त्याला थांबवायचं, चिडवायचं आणि त्याची सही घ्यायची, एवढ्यासाठी जास्तीत जास्त वीस पावलं मिळतात. त्यामुळे वाक्य छोटं, क्रियापद जहाल आणि 'कदाचित' हा शब्द हद्दपार. झाडांवरचं एक पत्रक मी असंच ठोकून दिलं होतं. एक झाड किती माणसांना पुरेल एवढा प्राणवायू देतं, याचा एक दणदणीत आकडा त्यात होता. चार दिवसांनी ते पत्रक एका विद्यार्थ्याच्या हाती माझ्याकडे परत आलं. आकड्याभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ, आणि बाजूला मराठीत, बारीक सुवाच्य अक्षरात: 'हा कुठून आणला?'

मी तडक त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. सरांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, चहा वाढव. क्रांतिकारक आलेत."

आकडा कुठून आणला, हा प्रश्न त्यांनी चहाबरोबर पुन्हा विचारला. मी म्हटलं, सगळेच म्हणतात.

"मग सगळ्यांचा फोन नंबर दे. त्यांनाच विचारतो."

काकू स्वयंपाकघरातून हसल्या. मला हसू आलं नाही. पण तेवढ्यात फोन वाजला. दैनिकाच्या बातमीदाराला एका चौकातलं पिंपळाचं झाड का वाळतंय ते हवं होतं. सर खुर्ची ओढून बसले आणि त्याला पिंपळाची मुळं कशी पसरतात तिथपासून सांगायला लागले. पलीकडचा पोरगा दर दीड मिनिटाने "सर, बस दो लाइन" म्हणत होता, ते मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. सर म्हणायचे, "हाँ, वही बता रहा हूँ," आणि पुढची शाखा पकडायचे. बारा मिनिटांनी पोराने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी चौकटीत काय येणार हे मला दिसत होतं, आणि सरांनाही. ते म्हणाले, "आता उद्या तो छापेल की मी म्हणालो पिंपळ पवित्र आहे."

मी म्हटलं, तुम्ही लिहून द्या, मी कापून देते.

हे बोलताना मला उपकार करतेय असं वाटलं होतं. बाविसाव्या वर्षी तसंच वाटतं.

मग तो आमचा रिवाजच पडला. दैनिकाचा फोन आला की सर मला फोन करायचे, मी दोन गल्ल्या ओलांडून यायचे. जेवणाच्या टेबलावर ते हिंदीत मजकूर लिहायचे, खाली कार्बन पेपर घालून, कारण प्रत्येक चौकटीची एक प्रत त्यांच्या फायलीत जायची. मग मी पेन्सिलीने प्रत्येक शब्दाखाली टिंब देत मोजायचे. कधी दोनशे दहा, कधी एकशे ऐंशी. मग कापाकापी. मजकूर हिंदी आणि भांडण मराठी. त्यातही माझं मराठी नागपुरी, हिंदीने भिजलेलं, आणि त्यांचं सांगलीचं, तीस वर्षं जपून ठेवलेलं. मी दर वाक्याला 'मतलब' म्हणायचे, ते दर वेळी थांबून म्हणायचे, "मतलब सांग, 'मतलब' सांगू नकोस."

मी ज्याला चरबी म्हणायचे ते त्यांचं मांस होतं. 'प्रायः', 'सम्भवतः', 'जितना मैंने देखा है'. माझी पेन्सिल पहिल्यांदा तिकडेच जायची.

"सर, हा 'प्रायः' काढू?"

"काढ. आणि खालचं माझं नाव पण काढ."

काकू समोर मटार सोलत बसायच्या आणि पंच व्हायच्या. त्यांचा नियम सोपा होता. वाक्य त्या मोठ्याने वाचायच्या. वाचताना दम लागला तर निकाल माझ्या बाजूने, नाही लागला तर सरांच्या. साठ झाले की मी कागद घेऊन स्कूटीवरून दैनिकाच्या कचेरीत जायचे. का, तर सरांचा फोनवर विश्वास नव्हता.

विद्यापीठात त्यांना 'अख़बारी प्रोफेसर' म्हणत. म्हणणारे कोण, तर आपापल्या विषयातले एकापेक्षा एक जाणकार. पण बातमीदार दारात आला की त्यांना मीटिंग असायची. आमचं काम संशोधन, असं ते सांगायचे. लोकांच्या नळाचं, लोकांच्या झाडांचं, लोकांच्या मातीचं संशोधन आणि लोकांशीच बोलायचं नाही. मी याच्यावर एक पत्रक काढणार होते. सरांनी काढू दिलं नाही. त्यांना त्या मंडळींचा राग नव्हता. म्हणाले, ज्याला विचारावंसं वाटलं त्याने अर्धं काम केलं, त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, माझं एवढंच तत्त्व आहे. बाकीच्यांची असतील वेगळी.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्या बावीस झाडांचं.

खातीपुऱ्याकडून शहराकडे जाणाऱ्या आमच्या रस्त्याला एका बाजूला झाडांची ओळ होती. कडुनिंब आणि शिरीष, आलटून पालटून लावलेले, जुने. ओळ आमच्या गल्लीच्या तोंडापासून सुरू व्हायची आणि पुढच्या तिराह्यापाशी, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, संपायची. आठव्या झाडाखाली एक इस्त्रीवाले भैया कोळशाची इस्त्री घेऊन बसायचे. चौदाव्याच्या सावलीत लोक बसची वाट पाहायचे. एकोणिसाव्याखाली एक म्हातारी प्याऊ चालवायची. लाल फडक्यात गुंडाळलेले माठ, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओंजळीत पाणी. मे महिन्यात त्या रस्त्याने चाललेल्या माणसाला मी हे समजावून सांगायची गरज नाही.

रस्ता रुंद करायचा ठरला आणि बावीसच्या बावीस झाडं यादीत गेली. आमची संघटना लगेच उभी राहिली. मी एका दुपारी पत्रक लिहिलं, घोषणाही माझीच होती: बावीसच्या बावीस वाचली पाहिजेत. सह्या झाल्या, घेराव झाला. शेवटी रस्त्याच्या खात्याचे साहेब म्हणाले, एखाद्या जाणकाराचं मत आणा. झाडं धडधाकट असतील तर रस्ता थोडा वळवता येईल, पोकळ असतील तर मी कशाला वळवू. त्याच आठवड्यात दैनिकाने सरांना चौकट मागितली. याहून चांगलं काय हवं होतं?

सर दोन सकाळी त्या रस्त्यावर होते. त्यांच्याकडे यंत्रं होती, पण त्यांचा भरवसा काकूंच्या कपडे बडवायच्या जुन्या लाकडी मोगरीवर. झाडाला कान लावल्यासारखं उभं राहायचं आणि मोगरीने बुंध्यावर ठोकायचं, खालून वर, चारी बाजूंनी. निरोगी लाकूड आखूड, भरीव आवाज देतं. आतून पोखरलेलं झाड रिकाम्या डब्यासारखं घुमतं. आधी मला फरक कळेना. नवव्या झाडापाशी कळला. चौथं, नववं आणि पंधरावं. तीन झाडं आतून गेलेली होती.

त्या संध्याकाळी टेबलावर आमचं खरं भांडण झालं. मी म्हटलं, तीन आजारी झाडांचं लिहू नका. एकोणीस चांगली आहेत एवढंच लिहा, ते खोटं नाही. साहेबांना फट दिसली की ते हात घालतील. आमची घोषणा बावीसची आहे.

"घोषणा तुझी आहे. झाडं तशी नाहीत."

मी म्हटलं, सर, लढा असा लढत नाहीत.

"त्या झाडाखाली फांदी पडून कोणी मेलं, तर पत्रक काढशील?"

"काढेन."

"कोणाविरुद्ध?"

काकूंनी मटाराची टोपली उचलून आत नेली, म्हणजे निकाल लागला होता.

सरांनी लिहिलं. एकोणीस झाडं निरोगी आहेत, ती तोडायला काही कारण नाही. खातीपुरा की ओर से गिनने पर चौथा, नौवाँ और पंद्रहवाँ पेड़ भीतर से खोखला है, ती तीन काढावीत आणि त्याच जागी नवी लावावीत. शेवटी त्यांचं नेहमीचं वाक्य, की मी एवढंच तपासलं आहे, याच्या पलीकडचं मला माहीत नाही. मी टिंबं दिली. सहासष्ट. मी दमले होते, तेही दमले होते. म्हणाले, "सहा शब्दांनी काय होतंय, बसवतील."

कचेरीत त्या दिवशी उपसंपादक समोसा खात खात पान लावत होता. त्याने मजकूर टाइप करून घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मैडम, छह ज़्यादा हैं. आख़िरी लाइन उड़ा दूँ?"

शेवटची ओळ म्हणजे सरांचं 'मला माहीत नाही'. ती गेलेली त्यांना कधीच चालायची नाही, आणि छापणारे नेमकी तीच उडवायचे. मी म्हटलं, थांबा, मी कापते. कागद हातात घेतला. आणि सहा शब्द माझ्यासमोर तयार बसलेले होते. खातीपुरा की ओर से गिनने पर. मोजून सहा. मला आठवतंय, मला आनंद झाला होता. इतकी स्वच्छ कापणी क्वचित मिळते. खातीपुऱ्याकडून नाही तर आणखी कुठून मोजणार? ओळ तिथेच तर सुरू होते. मी त्या रस्त्यावर रोज तिथूनच निघायचे, सरही तिथूनच. माझा मोबाइल पर्समध्ये होता. सरांना फोन करावा असं मनातही आलं नाही.

चौकट छापून आली. रस्त्याच्या खात्याने दोन दिवसांत मान्य केलं, रस्ता वळेल, एकोणीस झाडं राहतील, प्रोफेसर साहेबांनी सांगितलेली तीन तेवढी काढू. संघटनेत काहींनी नाकं मुरडली, कारण बावीसची घोषणा तुटली, पण मी स्वतः बुंदीचे लाडू वाटले. बाबा म्हणाले, तुझ्या आयुष्यातलं हे पहिलं पत्रक ज्याचा काही उपयोग झाला. मी ते स्तुती म्हणूनच घेतलं.

शनिवारी दुपारी मी त्या रस्त्याने शहराकडे निघाले होते. इस्त्रीवाल्या भैयांनी हात करून थांबवलं. ते कधी थांबवत नसत. त्यांच्या झाडावर चुन्याची मोठी पांढरी फुली होती, अजून ओली. सोमवारी सकाळी सातला तोडणार असं फुली मारणारे सांगून गेले होते. भैया भांडले नाहीत. म्हणाले, सरांनी सांगितलं असेल तर बरोबरच असेल, मी इस्त्री कुठे नेऊ एवढं फक्त त्यांना विचारून सांगा.

मी म्हटलं, तुमचं तर आठवं आहे, आठवं नाहीच मुळी. पुढे गेले. चौदाव्यावर फुली, आणि शेजारचं पंधरावं, जे खरंच पोकळ होतं, ते कोरं. प्याऊच्या एकोणिसाव्यावर फुली. स्कूटी उभी करून मी तिराह्यापर्यंत चालत गेले आणि तिथून उलटं मोजत आले. एक, दोन, तीन, चार. चार म्हणजे प्याऊचं झाड. खात्याचे लोक शहराकडून आले होते. शहराकडून येणाऱ्याला ओळ तिराह्यापाशी सुरू होते. त्यांनी चौथं, नववं, पंधरावं चोख मोजलं होतं.

मी सरांकडे गेले आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. फाइल काढली, वरचा कार्बनचा कागद काढला, निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. सहा शब्द तिथे होते. ते बोट त्यांनी बराच वेळ उचललं नाही. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, काय झालं.

मग सरांनी फोन उचलला. खात्याच्या कचेरीत शनिवारी कोणी नाही. साहेबांच्या घरी फोन लागला, साहेब लग्नाला बाहेरगावी, सोमवारी येतील. दैनिकात उपसंपादक मिळाला. सर म्हणाले, उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा, मोजायची दिशा राहून गेली. तो नम्रपणे बोलत होता, पण छापायला तयार नव्हता. खंडन आम्ही सहसा छापत नाही, त्यात चौकटीचं तर कधीच नाही, तुमचंही हसं आणि आमचंही. सर अर्धा तास त्याला समजावत होते. शेवटी तो वैतागून जे बोलला ते सरांनी फोन ठेवल्यावर आम्हाला जसंच्या तसं सांगितलं: "सर, सुधार कोई ख़बर नहीं है. हाँ, एक्सपर्ट ही ग़लत निकले, तो वो ख़बर है."

सरांनी कार्बनचा कागद फायलीत परत ठेवला. मग म्हणाले, "बरं. हवी असेल तर तीच बातमी देऊ."

त्या वर्षी शहरात नवे नवे हिंदी चॅनल आले होते, चोवीस तास चालणारे आणि चोवीस तास उपाशी. रविवारी सर एकेकाला फोन करत बसले. पाच मिनिटांच्या आत फोन ठेवायला ते त्या दिवशी शिकले. सोमवारी सकाळी सातला खातीपुऱ्याच्या रस्त्यावर या, एका प्रोफेसरची मोठी चूक दाखवतो. प्रोफेसर कोण? मीच.

मी रविवारभर घरात एक निवेदन लिहीत होते. चूक माझी आहे, शब्द मी कापले, असं स्पष्ट. सोमवारी ते खिशात घालूनच गेले. सातच्या आधीच तिथे तीन कॅमेरे होते, करवती आणि दोर घेतलेले मजूर होते, त्यांचा मुकादम होता, इस्त्रीवाले भैया होते आणि प्याऊवाली म्हातारी माठाला टेकून बसलेली होती. सर पांढरा शर्ट घालून आले, हातात मोगरी. कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्यांनी सांगितलं की, झाडं मोजली पण कुठल्या बाजूने मोजली ते सांगितलं नाही. माझी चूक. त्यामुळे तीन चांगली झाडं आज तोडली जाणार होती.

मी पुढे झाले. कागद बाहेर काढला होता. सरांनी माझ्याकडे न बघता, मराठीत, अगदी हळू म्हटलं, "गप्प राहा. मोगरी धर."

मोगरी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मला आठव्या झाडापाशी नेलं. ठोक. मी ठोकलं. भरीव. मग नवव्यापाशी. ठोक. डबा घुमल्यासारखा आवाज आला आणि कॅमेऱ्यामागचा माणूस दचकला. सर म्हणाले, आता तुम्ही ठोका. त्याने कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देऊन ठोकलं. मग बातमीदारांनी ठोकलं. मग मुकादमाने मोगरी मागून घेतली, चौदावं ठोकलं, पंधरावं ठोकलं, पुन्हा चौदावं, आणि मजुरांना म्हणाला, "बैठ जाओ." तो अंगठेबहाद्दर माणूस होता, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. सरांना त्या सकाळी त्याच्याइतका चांगला विद्यार्थी मिळाला नाही, हे सरांनी सांगितलं. म्हातारी आपणहून उठली, आपल्या एकोणिसाव्या झाडाला तळहाताने दोनदा थापटलं, जसं म्हशीला थापटतात, आणि परत बसली. तिला मोगरी लागली नाही.

साहेब दहाच्या सुमारास आले. कॅमेरे अजून होते. साहेबांनीही ठोकलं. चौथ्या, नवव्या आणि पंधराव्या झाडावर नव्या फुल्या आल्या, खातीपुऱ्याकडून मोजून.

त्या संध्याकाळी तिन्ही चॅनलवर सर होते. पडद्याखाली पट्टी पळत होती: 'पेड़ गिनना भूले प्रोफेसर'. एकाने तर शाळेतल्या पोरांकडून एक ते बावीस म्हणवून घेतलं. दिवसभरात किती वेळा दाखवलं ते मी मोजलं नाही. विद्यापीठात कुणीतरी त्यांच्या खोलीच्या दारावर पाढ्यांचं पुस्तक टांगलं. जे कधी बातमीदाराशी बोलले नव्हते ते सगळे आता म्हणाले, म्हणून आम्ही बोलत नाही. दैनिकाने चौकटीसाठी दुसरा माणूस शोधला, फोटोही ताजा.

मी दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन गेले. यावेळी पत्रक म्हणून छापायचं, विद्यापीठाच्या फाटकावर वाटायचं, असं ठरवून. काकूंनी दार उघडलं. त्यांनी आत घेतलं नाही, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तीस वर्षांत त्यांनी एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तू सहा उचललेस."

मग त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "ये आत. पोहे गार होतायत." मटार घातलेले पोहे होते. त्या सारख्या वाढत होत्या.

सरांनी माझं पत्रक वाचलं. लाल पेन्सिल काढली. मला वाटलं, व्याकरण. त्यांनी सगळ्या मजकुरावर एक तिरकी रेघ मारली आणि कागद परत दिला.

"झाडं उभी आहेत ना?"

मी म्हटलं, पण सर, हे खोटं आहे. तुम्ही लिहिलेलं कार्बनवर आहे. निदान विद्यापीठात तरी दाखवा.

"मी आणखी तीन वर्षांनी रिटायर होणार. तुला अजून खूप पत्रकं काढायचीयेत. लोकांनी ती वाचावीत, तुझे आकडे मोजत बसू नये." मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि कापायला सांगितलं कोणी? मीच."

हे बरोबर नव्हतं. मी तेव्हा तसं म्हणाले आणि आत्ताही म्हणते. माणसाने दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर घेऊ नये. जो सत्यासाठी 'प्रायः' सोडत नाही त्याने तर मुळीच नाही. यावर आम्ही नंतर कित्येकदा भांडलो. ते म्हणायचे, मी कुठे खोटं बोललो, दिशा छापून आली नाही हे खरंच आहे, नाव माझं होतं, म्हणजे चूक माझी. मी म्हणायचे, मतलब? ते म्हणायचे, पुन्हा 'मतलब'.

सहा-सात महिन्यांनी दैनिकाचा फोन आला. दुसऱ्या माणसाने आंब्यावरच्या किडीबद्दल काहीतरी भलतंच सांगितलं होतं. सरांनी मला बोलावलं. मी कापायला नाही म्हटलं. त्यांनी पेन्सिल माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, साठ. मी टिंबं द्यायला लागले. फोटो तोच छापला, दाट केसांचा.

बाबांची पुण्याला बदली झाली आणि मी जयपूर सोडलं. गेल्या हिवाळ्यात गेले होते. सर आता रिटायर झालेत. चौथ्या, नवव्या आणि पंधराव्या जागी त्यांनी लावलेली कडुनिंबाची रोपं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. ओळ पुन्हा बावीसची झाली आहे, म्हणजे माझी घोषणा उशिराने का होईना खरी ठरली, असं ते मला मुद्दाम ऐकवतात. इस्त्रीवाले भैया आठव्याखालीच आहेत. त्या झाडावरची फुली पावसाने बरीच धुतली आहे, पण नीट पाहिलं तर दिसते. संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा सरांनी त्या बुंध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, आणि भैयांनी इस्त्री न थांबवता विचारलं, "ठीक है ना, सर?"

जयपूरच्या त्या रस्त्यावर अजूनही लोक सरांना 'गिनतीवाले प्रोफेसर' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, पण म्हणतात. सरांना हे लिखाण दाखवलं असतं तर त्यांनी लाल रेघ मारली असती, म्हणून दाखवलेलं नाही. दुरुस्ती कोणी छापली नाही, ती मी इथे करते. प्रोफेसर मोजायला विसरले नव्हते. 'खातीपुरा की ओर से गिनने पर' हे सहा शब्द त्यांनी लिहिले होते, आणि ते मी, उपसंपादकाच्या टेबलापाशी उभी राहून, माझ्या हाताने कापले.